कपाट क्रमांक २९७ आणि तटस्थतेची थाप

मागच्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगूनच सुरुवात करतो, कारण पुढे ज्यांच्यावर टीका करणार आहे त्यांच्या रांगेत आधी मीच उभा आहे.

आमच्या तालुक्याच्या गावात मोहल्ल्यातल्या लोकांनी वर्गणी काढून चालवलेलं एक छोटं वाचनालय आहे. चार लोखंडी कपाटं, दोन लांब बाकं, एक जुना कॉम्प्युटर. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर म्हणून नोकरी करतो. गावी गेलो की कुणाचा प्रिंटर, कुणाचा मोबाईल माझ्या हातात येतोच. त्या खेपेला कमिटीने सांगितलं, "पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर करून दे, आणि मोठ्या लायब्ऱ्यांसारखे नंबर टाक." मोठ्या लायब्ऱ्यांसारखे म्हणजे ड्युई पद्धतीचे. पुस्तकं अठराशेच्या आसपास होती आणि सुट्टी होती चार दिवसांची. मग मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव बघून त्याने नंबर सुचवायचा. देणगीत आलेल्या धार्मिक पुस्तिकांची नावं कशीही लिहिलेली होती, म्हणून घाईत मी लेखकांची काही आडनावंही नियमात घातली. ही आडनावं दिसली की नंबर २९७. ड्युई पद्धतीत २९७ म्हणजे इस्लाम.

महिन्याभराने बारावीतल्या एका मुलीचा मेसेज आला. "भाई, अमर शेख इस्लामच्या कपाटात कसे?"

शाहीर अमर शेख. बार्शीचे, कामगारांचे शाहीर, लाल बावट्याखाली गाणारे, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये ज्यांचा आवाज घुमला ते. मराठी साहित्याचा नंबर ८९१.४६. तिथे त्यांची जागा. माझ्या प्रोग्रामने त्यांना तिथून उचललं आणि वुजू-नमाजच्या पुस्तिकांशेजारी नेऊन बसवलं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचंही तेच झालं होतं. मराठी संतकवी, पण आडनावाने घात केला.

मी तिला उत्तर पाठवलं, "ते प्रोग्रामने केलंय." उत्तर पाठवून झाल्यावर मलाच लाज वाटली. प्रोग्राम कुणी लिहिला होता? मी. एका मुस्लीम इंजिनीअरने, मुस्लीम मोहल्ल्यात बसून, मुस्लीम शाहिराला मराठीतून बाहेर काढलं, आणि वर "मशीन तटस्थ असतं" असं म्हणून हात झटकले.

हीच थाप जगातल्या लायब्ऱ्या दीडशे वर्षं मारत आल्या आहेत. तिचा सगळ्यात नीट लिहून ठेवलेला इतिहास अमेरिकेत सापडतो. तो आपण वाचला पाहिजे, कारण त्या इतिहासातून निघालेले नंबर आज आपल्या कपाटांवर चिकटलेले आहेत.

दोन नंबरांत कोंबलेली माणसं

डोरोथी पोर्टर नावाची एक कृष्णवर्णीय ग्रंथपाल १९३० मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कामाला लागली. कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकं जमवायची आणि त्यांची व्यवस्था लावायची, हे तिचं काम. इतर लायब्ऱ्या ही पुस्तकं कुठे ठेवतात हे तिने पाहिलं, तेव्हा तिला दोनच नंबर सापडले. ३२५ म्हणजे वसाहती आणि स्थलांतर. ३२६ म्हणजे गुलामगिरी. कवितासंग्रह असो, संगीतावरचं पुस्तक असो, लिहिणारा काळा असला की पुस्तक बहुधा याच दोन खणांत जायचं. गोऱ्याची कविता ही कविता होती, आणि काळ्याची कविता ही 'गुलामगिरीचा प्रश्न' होता.

पोर्टरने हे मानायला नकार दिला. तिने कविता कवितेत ठेवली, संगीत संगीतात, इतिहास इतिहासात, आणि १९७३ पर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षं, तो संग्रह उभा केला. तिने कुठे मोर्चा काढला नाही. पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर बदलला, एवढंच. पण तो नंबर बदलणं म्हणजे "हा माणूस आधी माणूस आहे, प्रश्न नव्हे" असं जाहीर करणं होतं.

माझा २९७ आणि त्यांचा ३२६ यांत फरक किती? हेतूचा फरक असेल. पण शोधणाऱ्याला हेतू दिसत नाही, त्याला कपाट दिसतं.

नंबर कुणी पाडले?

मेल्विल ड्युईने १८७६ मध्ये आपली दशांश पद्धत प्रसिद्ध केली. सगळं ज्ञान दहा वर्गांत, प्रत्येक वर्गाचे दहा भाग, पुन्हा दहा. इंजिनीअरच्या डोक्याला हे फार आवडतं. आकड्याला जात नाही, धर्म नाही, असं वाटतं.

आता धर्माचा वर्ग, म्हणजे २०० ते २९९ उघडून बघा. २२० बायबल. २३० पासून २८० पर्यंत ख्रिस्ती धर्म: त्याचं तत्त्वज्ञान, आचार, चर्च, इतिहास, पंथ. आणि जगातले बाकी सगळे धर्म मिळून २९०. त्या एका दशकात हिंदू, बौद्ध, जैन, शीख हे सगळे २९४ मध्ये. ज्यू २९६. मुसलमान २९७. दशांश चिन्हापुढे आकडे वाढवत कितीही बारीक जाता येतं, हे खरं. पण सात खोल्या एका कुटुंबाला आणि उरलेल्या जगाला एक व्हरांडा, याला वाटणी म्हणत नाहीत. अलीकडच्या आवृत्त्यांत दुरुस्त्या झाल्या, पर्यायी मांडणीही दिली गेली. पण लाखो पुस्तकांच्या पाठीवरचे नंबर खरवडायला कोण बसतंय? प्रोग्रामिंगमध्ये आम्ही याला डिफॉल्ट म्हणतो. डिफॉल्ट म्हणजे कुणीतरी एकदा घेतलेला निर्णय, जो पुढे कुणालाच निर्णय वाटत नाही.

आणि निर्णय घेणारा माणूस कसा होता? ड्युई हा सरळ रंगवता येणारा खलनायक नाही. १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात त्याने ग्रंथपालनाचं पहिलं विद्यालय काढलं, आणि विश्वस्तांचा विरोध पत्करून त्यात स्त्रियांना घेतलं. पण याच माणसाच्या लेक प्लॅसिड क्लबात ज्यूंना आणि काळ्यांना सदस्यत्व मिळत नव्हतं. १९०५ मध्ये ज्यू पुढाऱ्यांनी याविरुद्ध अर्ज केला, तेव्हा तो न्यूयॉर्क राज्याचा ग्रंथपाल होता. त्यातून त्याला ते पद सोडावं लागलं. स्त्रियांशी त्याने केलेल्या गैरवर्तनाच्याही तक्रारी होत्या. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या एका मानाच्या पदकाला त्याचं नाव होतं. ते २०१९ मध्ये काढलं गेलं. एकशे चौदा वर्षांनी.

त्याच कोलंबियात १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी दाखल झाला, आणि पुढे तिथेच डोरोथी पोर्टरने ग्रंथपालनाची पदवी घेतली. संस्था एकच होती. पण तिथल्या कपाटांत स्वतःला शोधताना कुणाला किती वाकावं लागलं, हे सगळ्यांसाठी एक नव्हतं.

जून आणि ऑगस्ट १९३९

कामानिमित्त मी काही महिने व्हर्जिनियात होतो. वॉशिंग्टनच्या दक्षिणेला पोटोमॅक नदीकाठी अलेक्झांड्रिया नावाचं देखणं शहर आहे. तिथल्या कृष्णवर्णीय इतिहासाच्या संग्रहालयात एका रविवारी गेलो. ही इमारत आधी लायब्ररी होती, हे आत गेल्यावर कळलं. ती का बांधली गेली, ते ऐका.

जून १९३९ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने 'ग्रंथालय हक्कांचा जाहीरनामा' मंजूर केला. पुस्तक निवडताना लेखकाचा वंश किंवा मतं आड येऊ नयेत, वादाच्या सर्व बाजू कपाटात असाव्यात, असं त्यात होतं. मजकूर उत्तम आणि तटस्थ होता.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, २१ ऑगस्ट १९३९ ला, अलेक्झांड्रियाच्या सार्वजनिक लायब्ररीत पाच कृष्णवर्णीय तरुण एकेक करून गेले. प्रत्येकाने सभासद कार्ड मागितलं. प्रत्येकाला नकार मिळाला. मग प्रत्येकाने कपाटातून एक पुस्तक घेतलं आणि वेगवेगळ्या टेबलांवर बसून ते शांतपणे वाचायला लागले. पोलिसांना बोलावलं गेलं. अटक झाली. आरोप काय, तर शांततेचा भंग. लायब्ररीत गुपचूप वाचत बसणं म्हणजे शांततेचा भंग!

हा बेत आखला होता सॅम्युएल विल्बर्ट टकर या तरुण वकिलाने. शहराने यावर तोडगा काढला. १९४० मध्ये काळ्यांसाठी वेगळी, छोटी लायब्ररी बांधून दिली. मी ज्या इमारतीत उभा होतो ती हीच. टकरला तिथलं कार्ड देऊ केलं, तेव्हा त्याने ते घेतलं नाही. पाच तरुणांवरचे आरोप न्यायालयाने रद्द केले ते २०१९ च्या ऑक्टोबरात, ऐंशी वर्षांनी.

२७ मार्च १९६१ ला मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात टूगालू कॉलेजच्या नऊ विद्यार्थ्यांनी हेच केलं. आधी ते काळ्यांच्या शाखेत गेले आणि तिथे नसलेली पुस्तकं मागितली. मग गोऱ्यांच्या मुख्य लायब्ररीत जाऊन ती वाचायला बसले. त्यांनाही अटक झाली.

आणि या सगळ्या काळात ग्रंथपालांची संघटना काय करत होती? १९३६ मध्ये रिचमंडच्या अधिवेशनात काळ्या ग्रंथपालांना वेगळं बसवलं गेलं, आणि सोबत्यांबरोबर जेवायलाही बंदी होती. दक्षिणेतल्या काही राज्य संघटना त्यांना सभासदच करत नव्हत्या. १९६४ मध्ये मिसिसिपीच्या संघटनेचा गौरव होणार होता, तेव्हा ई. जे. जोसी हा कृष्णवर्णीय ग्रंथपाल उभा राहिला. अशा संघटनांच्या सभांना राष्ट्रीय पदाधिकाऱ्यांनी जाऊ नये, असा ठराव त्याने मांडला आणि मंजूर करून घेतला. तोवर उत्तर ठरलेलं होतं: हा स्थानिक प्रश्न आहे, आपण त्यात पडत नाही. २०१८ मध्ये असोसिएशनने या सगळ्याबद्दल माफी मागितली.

"आपण त्यात पडत नाही." हे वाक्य लक्षात ठेवा. ज्याच्यासाठी दार आधीच उघडं आहे, त्यालाच हे वाक्य परवडतं. संघटनेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्वतःच्याच आकडेवारीत पात्रताधारक ग्रंथपालांपैकी ८८ टक्के गोरे होते. टेबलाच्या एकाच बाजूला एवढी माणसं बसली की त्यांना आपली बाजू ही बाजू वाटत नाही. ती 'मध्य' वाटते.

शब्दही कपाटच असतो

दार उघडलं तरी आत शब्द असतात. पुस्तक शोधायला लायब्ररी विषयाची नावं ठरवते, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ठरवलेली नावं जगभर वापरली जातात.

सॅनफर्ड बर्मन नावाचा गोरा अमेरिकन ग्रंथपाल झांबियात काम करत होता. तिथे त्याच्या ध्यानात आलं की आफ्रिकी लोकांसाठी कॅटलॉगमध्ये 'काफिर' हे विषयनाव आहे. शब्द आपल्या ओळखीचा. अरब व्यापाऱ्यांकडून पोर्तुगिजांकडे, त्यांच्याकडून दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांकडे गेला, आणि काळ्या माणसाला द्यायची सगळ्यात घाणेरडी शिवी झाला. कॅटलॉगात मात्र ते निव्वळ 'विषयाचं नाव' होतं. बर्मनने १९७१ मध्ये अशा नावांची पुस्तकभर यादी छापली. त्यात 'ज्यू प्रश्न' होता, 'पिवळं संकट' होतं. कुणाचा प्रश्न? कुणावर संकट? बोलणारा कोण, हे नावात लिहिलेलं नव्हतं. म्हणूनच ते तटस्थ दिसत होतं.

जुनी गोष्ट आहे, असं म्हणाल. मग नवी घ्या. २०१४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी मागणी केली की कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना 'बेकायदा परके' म्हणणारं विषयनाव काढा. २०१६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने होकार दिला. लगेच संसदेतले रिपब्लिकन सदस्य आडवे आले. नाव बदललं ते नोव्हेंबर २०२१ मध्ये. एक विषयनाव जर खरंच तटस्थ असतं, तर ते टिकवायला संसदेला मध्ये पडावं लागलं असतं का?

"मग काय, ग्रंथपालाने राजकारण करायचं?"

हा आक्षेप मला माझ्याच मित्रांनी घेतला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तटस्थता सोडली तर उद्या प्रत्येक ग्रंथपाल आपल्याला न पटणारी पुस्तकं काढून टाकेल. आज ज्यांच्या हातात सत्ता आहे ते तर टपूनच बसलेत. अमेरिकेत शाळांच्या लायब्ऱ्यांमधून पुस्तकं काढायच्या मोहिमा चालू आहेत, आणि त्यांत कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकं मोठ्या संख्येने सापडतात.

पण नीट बघा. पुस्तकं काढायला लावणारे काय म्हणतात? "शाळेत राजकारण नको. मुलांना तटस्थ वातावरण हवं." म्हणजे तटस्थता ही ढाल कमी आणि तलवार जास्त. त्यांच्या विरोधात उभा राहणारा ग्रंथपाल तटस्थ नसतो. तो वाचकाच्या बाजूचा असतो.

वाचकाची बाजू घेणं म्हणजे काय, याचं एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेत मुसलमानांवर पाळत वाढली, आणि नव्या कायद्यांनी तपास यंत्रणांना नागरिकांच्या नोंदी मागायची मोठी मोकळीक दिली. २००५ मध्ये कनेक्टिकटमधल्या ग्रंथपालांकडे एफबीआयने लायब्ररीच्या कॉम्प्युटर वापराची नोंद मागितली आणि याबद्दल कुठे बोलायचं नाही अशी बंदीही घातली. चार ग्रंथपाल कोर्टात गेले. २००६ मध्ये तोंडबंदी उठली आणि सरकारने मागणी सोडून दिली. तटस्थ राहायचं असतं तर त्यांनी यादी काढून दिली असती. "आम्ही फक्त नोंदी ठेवतो" म्हणाले असते. त्यांनी बाजू घेतली, म्हणून वाचणाऱ्यांची गोपनीयता वाचली.

निःपक्षपात आणि तटस्थता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निःपक्षपात म्हणजे न पटणाऱ्या वाचकालाही त्याचं पुस्तक काढून देणं. तो हवाच. तटस्थता म्हणजे कोण आत येऊ शकत नाही याकडे डोळेझाक करणं, आणि आत आलेल्यांशी सारखं वागलो म्हणून स्वतःची पाठ थोपटणं. आपल्या देशाला हा फरक शियाळी रामामृत रंगनाथनांनी १९३१ मध्येच सांगितला. त्यांच्या पाच नियमांतला दुसरा नियम म्हणतो, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. 'प्रत्येक' हा शब्द आला की तटस्थ बसता येत नाही. कोण आलेलं नाही, हे मोजावं लागतं.

आता आपलं घर

टाळ्या वाजवून इथेच थांबलात, तर हा लेख वाया गेला. अमेरिकेतल्या गोऱ्यांचे दोष काढणं सोपं असतं. त्यासाठी आपल्या मोहल्ल्यात कुणाशी वाईटपणा घ्यावा लागत नाही.

अमर शेखांचा नंबर मी त्याच रात्री बदलला. मग त्या मुलीला विचारलं, "यादी मोबाईलवर बघण्यापेक्षा येऊन कपाट का नाही बघितलंस?"

ती म्हणाली, "कधी येऊ, भाई?"

मुलींसाठी वेळ रविवारी अकरा ते एक. इतर दिवशी संध्याकाळी बाकांवर मुलगे असतात. ती पुस्तकं धाकट्या भावाच्या हाती मागवते, आणि तो जे हाताला लागेल ते आणतो. मी कमिटीतल्या बुजुर्गांना विचारलं. ते खरोखर नवलाने म्हणाले, "आपण कुणाला मना केलंय का? दार सगळ्यांना उघडं आहे." अलेक्झांड्रियाच्या नगरपालिकेनेही वेगळी इमारत बांधून दिलीच होती की.

हमीद दलवाईंची 'इंधन' ही कादंबरी आपल्याकडे नाही. एकाने देऊ केली होती, कमिटीने घेतली नाही. कारण काय? "वाद नको. वाचनालय तटस्थ ठेवू." मुस्लीम समाजातल्या जातींबद्दल, बिरादऱ्यांमधल्या उच्च-नीचतेबद्दल आमच्या अठराशे पुस्तकांत एकही पुस्तक मला सापडलं नाही. तिथेही कुणी मना केलेलं नाही. फक्त कुणी मागवलेलं नाही. कमिटीत सगळे एकाच दोन-तीन खानदानांतले. त्यांना ती उणीव दिसत नाही, जशी त्या ८८ टक्क्यांना दिसत नव्हती.

बाहेरच्यांनी आपल्याला २९७ मध्ये कोंबलं याचा राग आपल्याला येतो, आणि तो रास्त आहे. पण आपण आपल्याच पोरींना 'रविवार अकरा ते एक' मध्ये कोंबलंय. तोही एक कोड नंबरच आहे.

तुमच्यापैकी बरेच जण कॉलेजात आहेत, काही माझ्यासारखे आयटीत. म्हणून तीन कामं सांगतो. तुमच्या जवळच्या वाचनालयात जा आणि मुस्लीम आडनावाच्या लेखकांची मराठी पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत ते बघा. चुकीच्या ठिकाणी असली तर लेखी अर्ज द्या. ग्रंथपाल बहुतेक वेळा दुष्ट नसतो, त्याला कुणी विचारलेलं नसतं. दुसरं, तिथे कोण येत नाही त्यांची यादी करा, आणि येणाऱ्यांना नव्हे, न येणाऱ्यांना जाऊन कारण विचारा. तिसरं आमच्या धंद्यातल्यांसाठी: ज्या प्रोग्राममध्ये माणसांचे वर्ग पाडता, त्यातला प्रत्येक डिफॉल्ट कुणी आणि का ठेवला ते लिहून ठेवा. सही करा खाली. मी माझ्या प्रोग्राममध्ये आता ती सही केली आहे.

कमिटीची पुढची बैठक महिन्याच्या अखेरीस आहे. मी दोन ठराव मांडणार आहे. वाचनालय रोज सगळ्यांसाठी खुलं, आणि कमिटीत दोन मुली. बुजुर्गांपैकी एकाने फोन करून आधीच समजावलंय, "बेटा, तू बाहेरगावी राहतोस. यात पडू नकोस."

मी पडणार आहे. त्या मुलीनेही येतो म्हणून सांगितलंय. बैठक रविवारी नाही, गुरुवारी आहे.